नायिकेचं वय एक्कावन्न

६ फेब्रुवारी

वहिनी,

प्रकाशकांनी पुन्हा आठवण केली आहे. अठराव्या कादंबरीचं कथाबीज एप्रिलअखेर त्यांच्या टेबलावर हवं, नाहीतर पुढच्या यादीत आपल्या साहेबांचं नाव नाही. साहेब म्हणजे टोपणनावाआडच्या आपण दोघी, हे सतरा कादंबऱ्या झाल्या तरी त्या बिचाऱ्यांच्या गावी नाही. परवा साहेबांना एका वाचक बाईंकडून लग्नाचं मागणं आलं, फोटोसकट. मी कळवलं की साहेब ब्रह्मचारी आहेत आणि त्यांचं पोट सारखं बिघडलेलं असतं.

वाटणी नेहमीचीच. कथाबीज आणि प्रेम तुझ्याकडे, संशय आणि मुडदे माझ्याकडे. फक्त या वेळी नायक जरा बरा दे. दादा गेल्यापासून गेली सहा वर्षं तुझे सगळे नायक त्याच्यासारखे वागतात. एक तर पेपरात तोंड खुपसून बसतात, नाहीतर घोरतात. माझ्या भावावर माझा जीव होता, पण ज्या माणसाला दात काढून घ्यायची इतकी भीती की डॉक्टरकडे नंबर लागायच्या आत तो वरच निघून गेला, त्याच्यावर किती प्रेमकथा काढणार?

फोन करू नकोस, लिहून पाठव. मागे माझ्या वाचनालयाच्या फोनवर आपण विषाचं प्रमाण ठरवत होतो, तेव्हा पेपर वाचत बसलेले दोन पेन्शनर चष्मे विसरून पळाले. त्यातले एक अजून पुस्तक परत करायला आलेले नाहीत.

तुझी नणंद


१३ फेब्रुवारी

प्रिय वन्संना,

नायक घ्या, यानेही तुमचं समाधान झालं नाही तर देवच वाली.

पाच मजल्यांची इमारत. चौथ्या मजल्यावर आपली नायिका. एकटी राहते, घरी शिवणकाम करते, म्हणजे पँटची उंची कमी करणे, चेन बदलणे, जाड झालेल्या लोकांचे कपडे सैल करणे. इमारतीची लिफ्ट दर मंगळवारी सकाळी बंद पडते. दार मिटतच नाही. मग लिफ्ट कंपनीचा मेकॅनिक येतो. गेले सहा मंगळवार हेच चाललंय.

हा मेकॅनिक पंचावन्नच्या आसपास. कानामागे पेन्सिल. बोलतो कमी. काम झालं की नायिकेकडे पाणी मागायला येतो, पण बेल वाजवायच्या आधी दोन्ही हात फडक्याला पुसतो, आणि मग बेल वाजवतो ती करंगळीने, बटणाला ग्रीस लागू नये म्हणून. नायिका हे दाराच्या भिंगातून बघते. पाणी पिऊन झालं की पेला उलटा ठेवत नाही, हातात परत देतो. नायिकेचं वय एक्कावन्न.

पुढचं रहस्य तुम्ही घाला. लिफ्ट का बिघडते, हा प्रश्न आहेच.

तुमची वहिनी


२० फेब्रुवारी

वहिनी,

नायिका एक्कावन्न वर्षांची? वाचक झोपेल गं. सव्वीस कर. पंचावन्नचा मेकॅनिकही चौतीसचा कर, आणि पेन्सिल काढून टाक, ती सुताराची वाटते.

बाकी बीज चांगलं आहे. इतकं चांगलं आहे की मला शंका येते. माणूस एवढा सोज्वळ असूच शकत नाही. दर मंगळवारी लिफ्ट बिघडते आणि दर मंगळवारी हाच येतो, म्हणजे बिघडवतो कोण? ज्याच्या हातात पाना तोच. इमारतीत शिरायला त्याला कारण हवंय. का हवंय? नायिकेच्या घरात काहीतरी आहे किंवा नायिकाच त्याची पुढची शिकार आहे.

त्याला एक पहिली बायको दे. ती लिफ्टच्या बोगद्यात पडून मेली असं कर. अपघात म्हणे. आणि त्याच्याजवळ एक कुलूपबंद वस्तू दे, कारण कुलूप नसलेल्या पुरुषावर तीनशे पानं लिहिता येत नाहीत.

नणंद


१ मार्च

प्रिय वन्संना,

नायिका सव्वीसची होणार नाही. सव्वीसची पोरगी चार मजले धावत चढते, तिला लिफ्ट हवी कशाला? गुडघे दुखल्याशिवाय ही गोष्ट उभीच राहत नाही.

आणि बोगदा काय, पहिली बायको काय! तुम्हाला साधा माणूस दाखवला की तुम्ही त्याच्या बागेत खड्डे शोधायला लागता. गेल्या मंगळवारी तो मशीनरूममधून खाली आला तेव्हा त्याच्या कोपराला खरचटलं होतं. नायिकेने हळद लावते म्हटलं, तर म्हणाला, राहू द्या, तुमच्या कपड्यांना डाग पडतील. अशी माणसं बायकांना बोगद्यात ढकलतात का?

कुलूप मात्र आहे. त्याची हत्यारांची पेटी दोन कप्प्यांची आहे. वरच्यात पाने आणि स्क्रू ड्रायव्हर. खालच्या कप्प्याला छोटं कुलूप असतं. नायिकेने सहज विचारलं, यात काय? तर त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि म्हणाला, कचरा. कचऱ्याला कोणी कुलूप लावतं का, हे मलाही कोडंच आहे. म्हणजे नायिकेला.

तुमची वहिनी


८ मार्च

वहिनी,

झालं तर मग. कचऱ्याला कुलूप. आता तूच सांग, साप साप म्हणून मी नुसती भुई धोपटतेय की खरंच साप आहे?

नायिकेने तो कप्पा उघडलाच पाहिजे. आपला नियम विसरलीस? अकराव्या प्रकरणाआधी कोणावर विश्वास ठेवायचा नाही. तेराव्या कादंबरीत तू घड्याळजीवर पाचव्याच प्रकरणात भाळलीस, मग मला त्याला जुळा भाऊ काढून द्यावा लागला आणि वाचकांनी शिव्या घातल्या.

तो वर मशीनरूममध्ये गेला की पेटी खालीच राहते ना? मग. आत बाईच्या वस्तू निघतील. कानातलं, केसांचा चाप, असं काही. आणि नायिकेने त्याला तोंडावर विचारायचं, तुमच्या पहिल्या बायकोचं काय झालं? बघ कसा पांढरा पडतो. हे प्रकरण मी मनातल्या मनात लिहूनसुद्धा टाकलंय, फार रंगलंय.

सोसायटीच्या लिफ्टच्या वहीत तो बिघाडाचं कारण काय लिहितो, तेही बघून ठेव. तपशील लागतील. म्हणजे तुमच्या इमारतीत अशी वही असेल तर.

नणंद


२७ मार्च

वहिनी,

तीन आठवडे झाले. जिवंत आहेस का? पोस्टकार्ड मुद्दाम पाठवतेय, म्हणजे निदान पोस्टमन तरी वाचून तुझी चौकशी करेल.

नणंद


९ एप्रिल

वन्सं,

लिफ्ट सुरेख चालली आहे. तीन मंगळवार झाले, एकदाही बंद पडली नाही. वर जाते, खाली येते, दार लोण्यासारखं मिटतं. मी रोज जिन्यात उभी राहून बघते आणि मला रडू येतं.

नायिका नायिका करायचा कंटाळा आला आता. तुम्ही काही दुधखुळ्या नाही.

अठरा मार्चला ते वर मशीनरूममध्ये गेले. पेटी माझ्या दारासमोर होती. खालच्या कप्प्याचं कुलूप नुसतं अडकवलेलं होतं. माझ्या डोक्यात तुमचं ते रंगलेलं प्रकरण. मी पायरीवर बसले, कुलूप काढलं, आत गोळ्यांचा एक जुना पत्र्याचा डबा होता, तो उघडला. आत बटणं. कानातलं नाही, केसांचा चाप नाही. तपकिरी, चार भोकांची बटणं, काही मोठी, काही लहान, पुसून लख्ख केलेली. एकाचा कडेचा टवका गेलेला. अकरा होती.

तेवढ्यात ते खाली आले आणि समोर उभे राहिले. डबा माझ्या हातात, झाकण मांडीवर. वन्सं, त्या घटकेला मला नुसतं त्यांचं नाव जरी घेता आलं असतं तरी चाललं असतं. पण सतरा कादंबऱ्यांची सवय. मी चोरी करताना पकडली गेलेली बाई, आणि मी त्यांना दरडावून विचारलं, तुमच्या पहिल्या बायकोचं काय झालं?

ते पांढरे वगैरे पडले नाहीत. त्यांनी कानामागची पेन्सिल काढून खिशात ठेवली आणि म्हणाले, "तिचं चांगलं चाललंय. दुसरं लग्न केलंय तिने, जाड झालीये, खूश असते. तुम्हाला अजून काय वाटलं होतं?"

 लिफ्टच्या बोगद्यात पडून, असं काहीतरी मी पुटपुटले बहुतेक. त्यांनी माझ्या हातातून डबा घेतला, पेटी उचलली, आणि त्या दिवशी पाणी न पिता चार मजले जिन्याने उतरून गेले. महिन्याच्या तपासणीला दुसराच माणूस आला. तो चप्पल घालून आत येतो आणि बेल अंगठ्याने दाबतो.

तर कथाबीज पाठवता येत नाही, क्षमस्व. साहेबांना सांगा, वहिनीने नायक पळवून लावला.

तुमची वहिनी


१४ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र वाचनालयात वाचलं आणि काउंटर बंद करून आतल्या खोलीत जाऊन बसले. बाहेर लोक खोकत उभे होते, उभे राहू देत.

आधी माझा गुन्हा सांगते. मला तुझ्या पहिल्याच पत्रात कळलं होतं. सतरा कादंबऱ्यांत तुझा एकही पुरुष बेल कशी वाजवतो हे तू लिहिलं नाहीस. हात पुसून, करंगळीने. माझी बाई कोणाच्या तरी दाराआड उभी राहून श्वास रोखतेय हे मला तिथेच दिसलं, आणि दार तुझंच होतं. तरी मी मुद्दाम त्याला खुनी केलं. बोगदा, पहिली बायको, कुलूप, सगळं मुद्दाम. वाटलं, तू घाबरशील, कंटाळशील, पुन्हा घोरणारे नायक लिहायला लागशील. चांगला असता तर तो तुला घेऊन गेला असता ना. म्हणून मी तो वाईट निघेल याची तजवीज करत होते.

का, ते विचारू नकोस असं लिहिणार होते, पण सांगूनच टाकते. दादा गेला तेव्हा माझं माहेर गेलं. उरलीस तू. मला नवरा नाही, पोरं नाहीत, आहेत त्या कादंबऱ्या आणि एक वहिनी. तू उद्या दुसऱ्या कोणाची बायको झालीस, तर मी कोणाची नणंद? एवढंच होतं पोटात. नाकाने कांदे सोलत फिरले आणि आतून हे. तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी असून मी पोरीबाळींसारखी वागले. मला माफ कर.

आता दुसरं. तपकिरी, चार भोकांची, मोठी आणि लहान, एकाचा टवका गेलेला. वहिनी, ती दादाच्या लग्नाच्या कोटाची बटणं आहेत. तो टवका माझ्या दाताने पडला, लग्नाच्या दिवशी सकाळी दोरा तोडताना. ती त्या माणसाच्या डब्यात कशी आली? त्याने चोरली असतील तर मी पुढच्या गाडीने येते आणि त्याला खरोखरच बोगद्यात ढकलते.

नणंद


१९ एप्रिल

प्रिय वन्संना,

गाडी पकडू नका. चोर मीच.

सहा जानेवारीला मी तुमच्या दादांचा कोट देऊन टाकायला निघाले होते. सहा वर्षं कपाटात लटकतोय, एखाद्याच्या अंगाला ऊब तरी मिळेल म्हटलं. लिफ्टमध्ये शिरताना बाहीचं एक बटण तुटलं आणि घरंगळत दाराच्या खाचेत जाऊन बसलं. दार मिटेना. शेजारच्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि कोट घेऊन परत वर आले. दुसऱ्या दिवशी मंगळवारी सकाळी ते आले. गुडघ्यावर बसून त्यांनी बटण काढलं, शर्टाच्या टोकाने पुसलं, उजेडात धरून बघितलं आणि खिशात ठेवलं. मी जिन्यातून बघत होते. मग हात पुसून, करंगळीने बेल वाजवून, पाणी मागायला आले. सहा वर्षांत माझ्या दाराला इतक्या अदबीने कोणी हात लावला नव्हता.

पुढच्या सोमवारी संध्याकाळी मी कात्री घेतली आणि दुसरं बटण तोडलं. आता हसा. तक्रारही मीच करायची, वहीत माझंच अक्षर आहे. तुम्ही विचारत होतात ना लिफ्ट कोण बिघडवतं? नायिका. आपल्या सतरा कादंबऱ्यांत असा गुन्हेगार झाला नाही.

तुमच्या सांगण्यावरून मी वही पाहिली. अकरा मंगळवार त्यांनी बिघाडाचं कारण लिहिलंय, 'खाचेत धूळ'. अकराही वेळा. सेक्रेटरींनी तर झाडूवालीला दोनदा झापलं. तिला मी दोन नवे झगे शिवून दिले, मनाची टोचणी कमी व्हावी म्हणून. त्यांना माहीत होतं, वन्सं. धुळीला चार भोकं नसतात. माझी अब्रू जावी असा एक शब्द त्यांनी वहीत येऊ दिला नाही, आणि मी त्यांना बायकोचा खून केला का असं विचारलं.

आता कोटाचं सगळं संपलं. पुढची चार, दोन्ही बाह्यांची तीन तीन, आणि आतल्या शिवणीत लावलेलं एक जास्तीचं. अकरा. शिवणाच्या डब्यात दुसरी पुष्कळ बटणं आहेत, पण त्यांना हात लावावासा वाटत नाही. दुसरं बटण टाकलं तर ती निव्वळ लबाडी होईल.

तुम्ही माफी मागितलीत, ती मिळाली. पण तुमच्या दादांचा कोट मी असा उधळला याचा तुम्हाला राग आला असेल, तर तो सांगा. तुम्ही नको म्हणालात तर मी हे सगळं इथेच गाडून टाकते, आणि हे मी आदळआपट करून म्हणत नाहीये.

तुमची वहिनी


२४ एप्रिल

वहिनी,

राग आला होता. दहा मिनिटं होता, घड्याळ लावून बघितलं. मग दादा डोळ्यासमोर आला. तो कोट त्याला काखेत काचायचा आणि त्याने लग्नानंतर आयुष्यात दोनदा घातला असेल. त्याची बटणं तुला पुन्हा जिन्यात उभं करतात, एवढा उपयोग तर त्या कोटाचा तो अंगावर असतानाही झाला नव्हता. दादा असता तर पेपरातून तोंड वर न काढता म्हणाला असता, मग लाव की.

आता नीट ऐक, कारण संशय हा माझा विषय आहे आणि त्यात मी अजून कोणाला हार गेले नाही. तू एक पुरावा लिहिलास आणि त्याच्याकडे बघितलंच नाहीस. तो चिडून गेला, पाणी प्यायला नाही, सगळं खरं. पण डबा? डबा त्याने तुझ्या हातातून घेतला आणि सोबत नेला. ज्याला संपवायचं असतं तो 'बाई, ही तुमची बटणं' म्हणून डबा पायरीवर आपटतो. नेत नाही. रागावलेला माणूस अकरा बटणं सांभाळून चार मजले उतरतो, याचा अर्थ सतरा कादंबऱ्या लिहिलेल्या बाईला मी समजावून सांगायचा म्हणजे कमाल झाली. तो येत नाही कारण लिफ्ट बिघडत नाही. त्याच्याकडे यायला दुसरं कारण नाही, आणि आगाऊपणा त्याच्या रक्तात नाही. बेल करंगळीने वाजवणारा माणूस बोलावल्याशिवाय येणार कसा?

पाकीट जपून फोड. आत कापसात गुंडाळलेलं आहे. लग्नाच्या कोटाबरोबर शिंप्याने जास्तीची दोन बटणं दिली होती. एक मी आतल्या शिवणीत लावलं. दुसरं माझ्या पर्सच्या चोरखिशात राहून गेलं आणि मग मी ते मुद्दामच राहू दिलं, तीस वर्षं. त्याच कोटाचं आहे, त्यामुळे लबाडी होणार नाही.

सोमवारी संध्याकाळी लाव. आणि या वेळी तोंड उघडशील तेव्हा माझं प्रकरण बोलू नकोस, तुझं बोल.

प्रकाशकांना कथाबीज मी कळवलं. इमारत, लिफ्ट, मंगळवार, खाचेत धूळ. नायिकेचं वय एक्कावन्न. ते म्हणाले सव्वीस करा. साहेबांनी उलट टपाली कळवलंय की सव्वीसच्या पोरी जिने चढतात.

नणंद


२९ एप्रिल, मंगळवार

प्रिय वन्संना,

लिफ्ट बंद पडली.

साडेनऊला ते आले. गुडघ्यावर बसले, बटण काढलं, पुसलं, उजेडात धरलं. मी या वेळी भिंगातून बघितलं नाही, सरळ दार उघडून उभी राहिले. म्हणाले, "हे बारावं. कोटाला अकराच असतात." त्यांनी मोजली होती, वन्सं, कुठली पुढची आणि कुठली बाहीची, सगळं.

मी म्हटलं, हे माझ्या नणंदेने पाठवलंय. आणि मग तुमचं नाही, माझं बोलले. काय बोलले ते लिहीत नाही, पोस्टमनला तुम्ही वाचायची सवय लावून ठेवली आहे. त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली, पुन्हा कानामागे लावली. मग पाणी प्यायले, दोन पेले. वहीत 'धूळ' लिहून आले आणि बटण माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "हे त्यांना परत करा. यापुढे मी जिन्यानेच येत जाईन, काही बिघडलेलं नसलं तरी."

म्हणून बटण परत पाठवते आहे, त्याच कापसात. ते चोरखिशात ठेवा, तिथलंच आहे. मी कोणाची कोण होईन ते होईन, पण तीस वर्षं ज्या बाईने माझ्या नवऱ्याचं बटण सांभाळलं ती नणंद माझीच. त्यात वाटणी नाही.

त्यांना तुम्हाला भेटायचंय. मी म्हटलं, जरूर, पण बेतानं, त्या माणसं मारतात. ते म्हणाले, मग येताना लिफ्ट तपासूनच येतो.

तुमची वहिनी